तीन वेळा हो

७ जानेवारी, मंगळवार

ताई, तुझे गुडघे काय म्हणतात? डावा जास्त दुखतो की उजवा, की दोघांनी वार वाटून घेतलेत? शेजारच्या काकूंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? कोतवाल अजून एका डोळ्याने अख्ख्या गल्लीवर नजर ठेवून असतो ना? बोका असून त्याला हवालदाराची ऐट. मोरीतला नळ अजून खोकतो का? भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढेच का? आणि शिलाई मशीनबाईंना वेळेवर तेल पाजतेस ना?

इकडे आम्ही दोघं बरे. खुर्चीत बसून बसून सूनबाईची पाठ आखडते, एरवी ठणठणीत. मुलगा जहाजावर, त्याचा फोन आला की त्याच्यापेक्षा समुद्रच जास्त बोलतो. माझं म्हणशील तर दात सोडून सगळं जागेवर आहे.

ही वही तूच दिलीस. म्हणालीस, फोनवर तू नुसता हं-हं करतोस, यात लिही, खरं लिही, आणि भरली की पाठवून दे. म्हणून पत्रासारखी सुरुवात केली. एकेकाची चौकशी केल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. शूटिंगला गेलो तरी तेच. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला घरातल्या सगळ्यांची तब्येत विचारायची. तो सांगता सांगता सैल होतो, आणि तेवढ्यात माझा माईकही तपासून होतो.

तर खरं लिहितो. स्टुडिओचं काही खरं नाही. या मोसमात लग्नं मिळाली तीन. तिन्हीकडे मी कॅमेरा लावला की पुढे वीस जण फोन उंचावून उभे. तिसऱ्या लग्नात नवरीच्या मामाने माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतःच्या फोनवर घेतलं. वर म्हणतो, काका, तुम्ही जेवून घ्या. एप्रिलपर्यंत नवी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत तर शटर ओढायचं, असं मी आणि सूनबाईने ठरवलंय. तू तुझी चांगली मशीन विकून मला पहिला कॅमेरा घेऊन दिलास, त्याला यंदा अडतीस वर्षं झाली. मग जुन्या खडखड्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवून तू ते अकरा पायऱ्यांचं घर उभं केलंस. एक एक टाका म्हणजे एक एक वीट. मी माझं दुकान बुडवून तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

११ जानेवारी, शनिवार

इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकं शोधायला निघालो. आधी मोटार शिकवणाऱ्याकडे. तो म्हणाला, शिकणाऱ्यांना कॅमेरा दिसला की ते ब्रेक विसरतात. मग हार्डवेअरच्या दुकानात. त्याचा भाचा फोनवर सगळं फुकट करून देतो. फुकट ते पौष्टिक, त्यावर आपण काय बोलणार?

दाताच्या डॉक्टरने मात्र काम दिलं. ‘न दुखता दात काढा’ अशी जाहिरात. रुग्ण म्हणून त्याने स्वतःचा मेहुणा बसवला आणि त्याला हसायला सांगितलं. दात हलला मात्र, मेहुण्याने असा टाहो फोडला की बाहेर बसलेली बाई चपला हातात घेऊन पळाली. सूनबाईने ते पाहून मला विचारलं, “बाबा, याला संगीत लावून भयपट म्हणून विकू या का?” बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग तिने एक पत्रक छापलं: ‘घरगुती प्रसंग, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, आपुलकीने चित्रित करू.’ औषधाच्या दुकानात, वाचनालयात, दवाखान्यात लावून आलो. म्हातारी माणसं जिथे बसतात तिथे.

२० जानेवारी, सोमवार

आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन, तसं झालं. औषधाच्या दुकानातलं पत्रक हातात घेऊन एक साहेब आले. फाडून नव्हे, चार कोपऱ्यांची चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवून आणलेलं. पन्नाशीचे, बोलणं लोण्यासारखं मऊ. दारात बूट काढले आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून जोडीने मांडले. मला बरं वाटलं. शितावरून भाताची परीक्षा.

त्यांची एक संस्था आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आठवणींची फिल्म करून दूरच्या नातेवाइकांना द्यायची, असं काम. त्यांनी मला विचारलं, म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर घुम्यासारखी बसतात, तुम्ही त्यांना बोलतं कसं करता? मी तब्येतीच्या चौकशीचं सांगितलं. मग फुशारकीने माझ्या तीन ‘हो’चंही सांगून टाकलं.

तुला आठवतं, एका लग्नात मुलीच्या बापाचा ‘हो’ बँडच्या आवाजात बुडाला होता? तेव्हापासून मी प्रत्येकाकडून जादाचे तीन ‘हो’ घेऊन ठेवतो. एक संथ, एक आनंदाचा, एक लहान मुलाशी बोलल्यासारखा. आणि शेवटी अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही. रिकाम्या खोलीची शांतता भरून घ्यायची, म्हणजे कुठे जोड दिला तर तो उघडा पडत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. तू नेहमी वीतभर कापड जास्त कापून चिंध्यांच्या पिशवीत ठेवायचीस, ठिगळाला लागेल म्हणून. मी तुझंच शिकलो.

साहेबांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “तुमच्यासारखा माणूस मी वर्षभर शोधतोय.”

ताई, मला इतकं चांगलं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहिलं काम झालं. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ, वय एक्क्याऐंशी, बायको गेलेली, मूलबाळ नाही. आम्ही त्यांना घड्याळजी म्हणायला लागलो. खोलीभर घड्याळं, आणि शांतता भरून घ्यायची म्हणजे सगळ्यांचे लंबक थांबवायला हवेत. त्यांनी एकेक थांबवलं, जणू नातवंडांना झोपवतायत. शूटिंग झाल्यावर एकेक परत सुरू केलं. त्याला पाऊण तास लागला आणि तो पाऊण तास मला फार आवडला.

साहेबांनी प्रश्नांचा छापील कागद दिला होता. पूर्ण नाव काय, आज तारीख काय, हे घर कुणाच्या मालकीचं, घरात आणखी कोण, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना. मी म्हटलं, आठवणींच्या फिल्मला ही पोलिसी सुरुवात कशाला? ते म्हणाले, लांबच्या नातेवाइकांना आपला माणूस शुद्धीत आहे हे दिसलं की धीर येतो. पटलं. आठवणींचा भाग तुमच्या मनाने घ्या, लहान झाला तरी चालेल, असंही म्हणाले.

शेवटी शूटिंगच्या परवानगीचे कागद. घड्याळजींनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. अक्षर मुंगीएवढं होतं नि माझा चष्मा कॅमेऱ्याच्या पेटीत. साहेबांनीच बोट ठेवून जागा दाखवली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज निवृत्त शिक्षिका. गॅलरीत कुंड्याच कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीला एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव. वाढत नाही तिला रागावतात. मला म्हणाल्या, तुम्ही शाळेत मागच्या बाकावर बसत असणार. मी कबूल केलं. तीन ‘हो’ घेताना तिसरा काही नीट येईना, तर मी विचारलं, बाई, चहात साखर घालू का? त्या लहान मुलीसारख्या हसून “हो” म्हणाल्या. इतका गोड ‘हो’ मी आजवर टिपलेला नाही.

संध्याकाळी सूनबाई एडिटिंग करता करता थांबली. म्हणाली, “बाबा, हे नातेवाईक नक्की कोण? दोघांनाही कुणी नाही म्हणतात, मग फिल्म बघणार कोण?” मी म्हटलं, अगं, असेल कुणी चुलत, मावस. तिची मान हलली ती काही होकारार्थी नव्हती. कामाची माणसं शंकेखोर झाली की घरात लक्ष्मी टिकत नाही, असं माझ्या तोंडून जरा जोरातच निघून गेलं. मग मीच तिला चहा करून दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आतापर्यंत सात कामं झाली. एप्रिलची भीती गेली.

आज साहेबांनी घड्याळजींच्या फिल्मचा एक तुकडा पाठवला. एका ठिकाणी आवाज उडी मारतो, जोड दिसतो, तुमची खोलीची शांतता घालून तेवढा बुजवून द्या म्हणाले. साहेबांच्या आवाजात प्रश्न होता की, संस्थेच्या निवासात राहायला जायला तुम्ही राजी आहात ना? आणि घड्याळजींचा “हो”. हा प्रश्न त्या दिवशी मला काही आठवेना. मी वायरी गुंडाळायला बाहेर गेलो असेन तेव्हा विचारला असेल. दोन तास बसून जोड असा बुजवला की तुझी रफू झक मारेल. आता कुणाच्या बापाला दिसायचा नाही.

त्यांनी एक सांगितलंय. झालेलं सगळं शूटिंग, कच्चा माल धरून, त्यांच्याकडे द्यायचं; आपल्याकडे नक्कल ठेवायची नाही. लोकांच्या घरची गोष्ट असते, खरं आहे. सूनबाईला पुसून टाकायला सांगितलं. “हो बाबा,” म्हणाली.

जाताना त्यांनी विचारलं, यादी संपत आलीय, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? वय झालेलं, एकटं, स्वतःचं घर असलेलं. तुमच्या नात्यातलं असलं तर अधिक चांगलं. मी तुझं नाव दिलं, ताई. मनात कधीपासून होतं की जगभराच्या फिल्मा केल्या, तुझी एक नाही केली. सोनाराने आपल्याच बायकोचे कान भुंडे ठेवावेत, तसं झालंय. तुझा पत्ता मी माझ्या हाताने लिहून दिला. साहेबांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला नि खिशाचं बटण लावलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही नोंद तुझ्या घरून परतीच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर नाचतंय ते रस्त्यामुळे.

मी पोचलो तेव्हा साहेबांचे बूट तुझ्या अकराव्या पायरीवर मांडलेले. ते माझ्या आधी अर्धा तास आले होते, आणि तुम्ही दोघं स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. मी हाक मारली तर ते बाहेर आले. म्हणाले, ताईंशी ओळख करून घेत होतो, मोठ्या मनाच्या आहेत. तू मागून आलीस, पदराने हात पुसत. हात कोरडेच होते, पण तुझी सवय.

चौकशीला बसलो. तू उलट मलाच विचारलंस. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणालीस, दोघांचं भांडण आहे, कोणता आधी निवृत्त होणार यावर. त्याच वेळी कोतवाल कॅमेऱ्यासमोर येऊन बसला नि त्याने साहेबांकडे बघून जी पाठ फुगवली, ते मी काढून टाकलं नाही.

मग छापील प्रश्न. जबरदस्ती नाही ना, यावर तू “नाही” म्हणालीस आणि डाव्या कानाची पाळी ओढत राहिलीस. मी म्हटलं, ताई, हात खाली, माईकवर घासतोय. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मीच तुझा हात धरून मांडीवर ठेवला, तेव्हा कुठे स्वच्छ आवाज आला. तीन ‘हो’ मात्र तू एका दमात दिलेस. शांततेच्या अर्ध्या मिनिटात तू भिंतीकडे बघत होतीस, जिथे मशीन आहे.

कागदावर तू सही केलीस, साक्षीदाराची मी. चष्मा आज डोळ्यांवर होता, पण साहेबांना निघायची घाई होती.

निरोप घेताना तू पायरीवर उभी राहून विचारलंस, “आता तरी चालेल ना रे तुझं दुकान?” मी म्हटलं, धावेल. तू माझ्या तोंडावरून हात फिरवलास. सगळ्यांत चांगली फिल्म झाली आहे. तुला दाखवीन तेव्हा तूच म्हणशील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संस्थेकडून लोकांना त्यांच्या फिल्मा पोचत नाहीत असं मला कळलं. घड्याळजींनी दोनदा फोन करून विचारलं होतं, मी म्हटलं येईल. मागच्या आठवड्यापासून त्यांचे फोन बंद झाले. सूनबाईने एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. म्हणाली, मी पुसलं नव्हतं, रागवा हवं तर. रागवायच्या ऐवजी मी तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांना तेवढाच आनंद.

दाराला नवं कोरं कुलूप. खिडक्यांचे पडदे काढलेले, आत भिंती उघड्या. जिन्याशी कचऱ्याची पोती, त्यातल्या एकातून टिकटिक येत होती. मी पोत्याचं तोंड सोडून ते घड्याळ काढलं आणि घेऊन आलो.

खालच्या मजल्यावरचा माणूस म्हणाला, त्यांना गाडीतून निवासात नेलं, घर कुणा कंपनीकडे गेलं. जाताना म्हातारा सारखा म्हणत होता, मी घड्याळांचं हो म्हटलं होतं, मी घड्याळांचं हो म्हटलं होतं.

मी मनाला समजावलं की या वयात माणूस गोंधळतो. निवासात तरी वेळेवर जेवायला मिळत असेल. पण ताई, ते घड्याळ मी रात्री उशाशी घेतलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईने आज मला खुर्चीवर बसवलं नि कानाला हेडफोन लावले. आधी शिक्षिकाबाईंचा आपला कच्चा माल: चहात साखर घालू का, “हो”, ते हसणं. मग एक दुसरा तुकडा. साहेबांच्या माणसाने सकाळी घाईने पाठवला होता, जोड बुजवून द्या म्हणून. प्रश्न असा: हे घर आपण राजीखुशीने संस्थेच्या नावे करून देत आहात? आणि बाई हसून म्हणतात, “हो.”

तोच ‘हो’. मागे बशीत चमचा वाजतो, तोसुद्धा तोच.

मी म्हटलं, पुन्हा लाव. तिने पाच वेळा लावलं. सहाव्यांदा म्हणाली, “बाबा, हे आपण शिवलंय.”

घड्याळजींच्या तुकड्यावर मी दोन तास रफू केली होती. साहेबांपुढे मारलेली ती माझी फुशारकी, ते तीन ‘हो’, ती शांतता, सगळं आठवत गेलं. लंबक थांबवू का, असं त्या दिवशी घड्याळजींनी मला विचारलं होतं नि मग मी त्यांना म्हटलं होतं, आता परत सुरू करायची ना? “हो.” तोच तो.

तुझ्या घरी फोन लावतोय. वाजतो आणि थांबतो. तू दुपारी काकूंकडे जातेस हे मला ठाऊक आहे. थोड्या वेळाने पुन्हा लावतो.

सहा वेळा लावला.

साहेबांचा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पहिल्या बसने आलो. अकरा पायऱ्या. अकराव्या पायरीवर कुणाचे बूट नव्हते, दाराला कुलूप होतं. घड्याळजींच्या दाराला होतं तसलंच, पिवळं, नवं.

शेजारच्या काकूंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली आहे, ताई. त्यांनी सगळं स्वच्छ पाहिलं. शुक्रवारी सकाळी पांढरी गाडी आली. तू एकच पिशवी घेतलीस, चिंध्यांची. काकूंनी विचारलं, अगं कुठे? तर म्हणालीस, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, कागदोपत्री आहे नुसतं, धाकट्याला कळू देऊ नका. काकूंनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलंस की त्या साहेबांनी स्वयंपाकघरात तुला स्पष्ट सांगितलं: तुमच्या भावाचा स्टुडिओ आमच्या कामावर उभा आहे, तुम्ही सही केलीत तर पुढची पाच वर्षं त्याला काम, नाही केलीत तर उद्यापासून बंद. आणि हे त्याच्याजवळ बोललात तर तो मानी माणूस आहे, घेणार नाही.

मशीन अंगणात काढून ठेवली होती. तिच्यावर कोतवाल बसलेला. कुणाला हात लावू देईना, मला देखील.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पोलीस ठाण्यात चार तास बसलो. अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी कुठून तरी तुझे कागद मागवून घेतले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, बाईंची सही आहे, बाईंची फिल्म आहे, त्यात त्या तारीख सांगतात, घर स्वतःचं म्हणतात, जबरदस्ती नाही म्हणतात. आवाज अगदी स्वच्छ आहे. मग बोट खाली सरकवून म्हणाले, “आणि साक्षीदार तुम्हीच.”

मी त्यांना पेन ड्राइव्ह दिला. शिक्षिकाबाईंचा चमचा ऐकवला. त्यांनी लिहून घेतलं, चौकशी करू म्हणाले. पण ताई, शिक्षिकाबाईंचं नि घड्याळजींचं निदान शिवलेलं आहे; उसवता येईल. तुझ्या फिल्ममध्ये एकही जोड नाही. तुझा ‘हो’ तुझाच आहे.

सूनबाई घरी तुझ्या फिल्मचा कच्चा माल बघत होती. तिने मला पडद्याजवळ बोलावलं आणि एका जागी थांबवून दाखवलं. तू कानाची पाळी ओढतेस तिथे.

काच फोडली मी, आणि वडिलांपुढे तू म्हणायचीस, मी फोडली. कान ओढत. दूध मांजराने सांडलं. कान ओढत. आयुष्यभर माझ्यासाठी खोटं बोलताना तुझा हात तिथेच गेला, आणि अख्ख्या जगात ते ओळखणारा मी एकटा. आणि मी काय म्हटलं? हात खाली, माईकवर घासतोय. धरून मांडीवर ठेवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा मी, ताई. स्वतःला घासूनपुसून गुळगुळीत केलेला.

१ मार्च, शनिवार

तुझ्या गावच्या टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहितोय. चार दिवसांत अकरा निवास पालथे घातले. चार ठिकाणी यादी दाखवली, बाकीच्यांनी दार. एका ठिकाणी शिक्षिकाबाई भेटल्या. खिडकीशी बसल्या होत्या, समोर एकही कुंडी नाही. मला ओळखलं आणि मान फिरवली. मी तब्येत विचारायला तोंड उघडलं नि मिटलं. ती चौकशी आता माझ्याच्याने होत नाही. अधिकाऱ्यांना तिथला पत्ता कळवला आहे. ते जाऊन जबाब घेणार आहेत. स्टुडिओचं शटर आम्ही ओढलं. कॅमेरे पोलिसांकडे आहेत.

इथल्या टपालवाल्याने मला एक गोष्ट सांगितली. तुझा पत्ता बदलल्याचा अर्ज त्यांच्याकडे आलेला आहे. नवा पत्ता मला सांगता येत नाही, नियम आहे. पण तुझ्या नावाने काही आलं तर ते बरोबर तिथे जाईल. मी अर्जाची तारीख तेवढी विचारली. तेरा फेब्रुवारी. मी तुझं नाव लिहून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शूटिंगच्या चार दिवस आधी.

म्हणून ही वही पाठवतोय. भरली नाही, पण तू म्हणाली होतीस तसं खरं लिहिलंय. तुझ्या आधी ती दुसऱ्या कुणाच्या हातात पडेल हे मला कळतं. पडो. ज्याने उघडली असेल त्याने एवढं ध्यानात ठेवावं की सूनबाईने यातल्या प्रत्येक पानाची नक्कल केली आहे आणि या वेळी मी तिला पुसायला सांगितलेलं नाही. आणि ताईला वाचून दाखवणार असाल तर सावकाश वाचा. तिचा चष्मा बहुधा घरीच राहिलाय.

ताई, कोतवाल माझ्याकडे आहे. टोपलीत घालून आणला, दोन्ही हात बोचकारले. मशीन काकूंच्या व्हरांड्यात, तिला तेल मी दिलं. तुझं भिंतीवरचं घड्याळ मात्र कुलपाच्या आत आहे, त्याचं माहीत नाही. दुकान गेलं म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. त्या दुकानासाठी तू कान ओढावास एवढी त्याची लायकी नव्हती. मी एकेक निवास बघतोच आहे. बारावा उद्या.

मागची सात पानं कोरी ठेवली आहेत, उत्तरासाठी. नुसतं ‘मी बरी आहे’ असं लिहू नकोस. ते कुणीही लिहवून घेईल, आणि कागदावर मला तुझा कान दिसणार नाही. डावा जास्त दुखतो की उजवा, तेवढंच लिही, तुझ्या पद्धतीने. ते फक्त तुलाच लिहिता येईल.

लवकर लिही, ताई. वही मिळाली की त्याच दिवशी लिही.